भिंगे घासणारा तत्त्वज्ञ : स्पिनोझा

हे विश्व जसे आहे तसेच असणे भाग होते काय, की ते निराळेही होऊ शकले असते? हा प्रश्न पुष्कळांनी विचारला आहे. परंतु त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे देऊन त्या उत्तराप्रमाणे जगू पाहणारा पुरुष म्हणून बारूख स्पिनोझाचे चरित्र मला विशेष वाटते. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तर तो आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वी तो व्यापारी होता, आणि तोही कर्जात बुडालेल्या पेढीचा!

स्पिनोझाचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. त्याचे घराणे मूळचे पोर्तुगालमधील ज्यू. इन्क्विझिशन या धर्मन्यायालयामुळे तेथे ज्यूंना उघडपणे आपला धर्म पाळणे अशक्य झाले होते. (पोर्तुगीजांनी हेच न्यायालय १५६० साली गोव्यातही आणले, हे आपल्याकडील वाचकांना ठाऊक आहेच.) हॉलंडमध्ये या लोकांना आसरा मिळाला. बारूख सहा वर्षांचा होण्यापूर्वीच त्याची आई वारली. १६५४ साली वडीलही गेले आणि त्यांचा आयातीचा व्यापार बारूख व त्याचा भाऊ गॅब्रिएल यांच्या अंगावर पडला. येणे थोडे आणि देणे फार, अशी स्थिती होती. अखेर १६५६ साली, वयाची पंचवीस वर्षे पुरी नसल्यामुळे कायद्याने आपण अज्ञान आहोत, या आधारावर त्याने वडिलांच्या देण्यांतून आपली सुटका करून घेतली.

त्याच वर्षी २७ जुलै रोजी ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकले. त्याच्याशी कोणी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, चार हातांच्या आत जाऊ नये, त्याने लिहिलेले वाचू नये, असा तो हुकूम होता. त्याची कोणती मते पाखंडी ठरली, याचा तपशील त्यात दिलेला नाही. स्पिनोझा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याने क्षमा मागितली नाही आणि दुसरा धर्मही स्वीकारला नाही. पुढे र्‍हाइन्सबुर्ग, व्होरबुर्ग आणि शेवटी हेग येथे भाड्याच्या खोल्यांत राहून तो दुर्बिणीची व सूक्ष्मदर्शकाची भिंगे घासू लागला. त्याच्या भिंगांची वाखाणणी हायगेन्ससारख्या शास्त्रज्ञाने केली आहे. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले. प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये, एवढीच अपेक्षा होती. ती सांभाळताना आपल्या विचारस्वातंत्र्याची मर्यादा कोठे येईल हे सांगता येत नाही, म्हणून त्याने नम्रपणे नकार कळविला.

त्याचा मुख्य ग्रंथ ‘एथिक्स’. भूमितीच्या पुस्तकाप्रमाणे व्याख्या, गृहीतके, सिद्धांत आणि सिद्धता अशी त्याची मांडणी आहे. त्याच्या मते ईश्वर सृष्टीच्या बाहेर बसून ती घडवीत नाही. ईश्वर आणि निसर्ग एकच. जे जे आहे ते ईश्वराच्या स्वरूपातून अपरिहार्यपणे निघते. आपल्या विषयातील उदाहरण घ्यायचे तर मुद्दल, दर आणि मुदत एकदा ठरली की सरळव्याज किती यावे यात कोणाच्या मर्जीला वाव राहत नाही, तसेच हे. म्हणून विश्व निराळे असू शकले नसते. एखादी गोष्ट आपल्याला योगायोगाची वाटते, ती केवळ तिची कारणे आपल्याला माहीत नसतात म्हणून.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग हा नशीबवादच झाला! परंतु नशीबवादी हात जोडून बसतो. स्पिनोझा कारणे शोधायला सांगतो. जे घडले ते का घडले हे जितके समजेल तितका द्वेष आणि पश्चात्ताप ओसरतो व मनुष्य स्वतंत्र होतो, असे तो मानी.

हा विचार पेलणे त्यालाही नेहमी सोपे गेले नाही. १६७२ साली हेग शहरात जमावाने योहान द विट या उदारमतवादी नेत्याची व त्याच्या भावाची निर्घृण हत्या केली. त्या रात्री स्पिनोझा मारेकऱ्यांना रानटी ठरविणारा कागद घटनास्थळी लावायला निघाला होता. घरमालकाने दार बंद करून त्याला अडवले, म्हणून तो वाचला. ही हकीकत लायब्निट्झने नोंदवून ठेवली आहे.

हा जर्मन तत्त्वज्ञ १६७६ साली हेगला येऊन स्पिनोझाला भेटला होता. सारेच अपरिहार्य असेल तर ईश्वराने चांगले निवडले असे म्हणण्यात अर्थ उरत नाही, ही त्याची अडचण. म्हणून त्याने पुढे निराळे उत्तर दिले : शक्य असलेली विश्वे अनंत होती, आणि ईश्वराने त्यांतले सर्वोत्तम निवडले. १७१० सालच्या आपल्या ग्रंथात त्याने हे मत विस्ताराने मांडले.

या भेटीनंतर काही महिन्यांतच, २१ फेब्रुवारी १६७७ रोजी, स्पिनोझा वारला. वय अवघे चव्वेचाळीस. ‘एथिक्स’ मित्रांनी त्याच वर्षी छापला आणि १६७८ साली हॉलंडमध्ये त्यावर बंदी आली. पुढे १९२९ साली आइन्स्टाइनने आपली श्रद्धा स्पिनोझाच्या ईश्वरावर असल्याचे जाहीर केले. निसर्गातील मूलभूत स्थिरांक निराळे असू शकले असते काय, हा वाद पदार्थविज्ञानात आजही चालू आहे.

दोघांत बरोबर कोण, हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. द विट बंधूंची हत्यादेखील अटळच होती, हे मानायला माझे मन तयार होत नाही. येथे मला लायब्निट्झची शंका रास्त वाटते. परंतु असे झाले असते तर, तसे झाले असते तर, असे म्हणण्यात आपण विद्यार्थी किती दिवस घालवतो! पेढी गेली, समाज गेला, तरी स्पिनोझाने त्या जर-तरचा हिशेब मांडला नाही. तो कामाला लागला. त्याचा सिद्धांत ज्याला पटणार नाही, त्यालाही त्याच्या आयुष्यातून एवढे घेता येईल.