समजून घ्या : पंडिता रमाबाईंनी ‘कृपा सदन’ का उघडले?

समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बाईला देवाच्या दारी जागा आहे का? या प्रश्नाच्या उत्तराने पंडिता रमाबाईंचे आयुष्य बदलले.

कोण होत्या रमाबाई?
जन्म १८५८. संस्कृत घरीच शिकल्या. दुष्काळात आई-वडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८२ मध्ये पती वारले. पदरात लहानगी मनोरमा होती.

लंडनमध्ये काय पाहिले?
१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळत होत्या. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरात त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. पाच नवरे झालेल्या, लोकांनी नावे ठेवलेल्या त्या बाईकडे येशूने विहिरीवर पाणी मागितले आणि आपली ओळख तिला सांगितली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते?
आधी सुधारा, मग देव जवळ करील, असा क्रम इथे नाही. देव पापाकडे डोळेझाक करत नाही, पण पापी माणसाला टाकतही नाही. क्षमा कमवावी लागत नाही. ती पश्चात्तापाने स्वीकारायची असते. ही क्षमा आपल्यालाही हवी, हे रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी उमगले.

पुढे काय केले?
१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. दुष्काळात वाचवलेल्या मुली-बायकांसाठी दौंडजवळच्या केडगावात ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. तिथेच, कुणीही दारात उभे न करणाऱ्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ आले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावचे काम आजही सुरू आहे.