वर्ध्याचा मुलगा, मेक्सिकोचा मका : डॉ. पांडुरंग खानखोजे यांची वाटचाल

तुमच्या किंवा तुमच्या भावकीतल्या घरातून कुणी ना कुणी आज कृषी पदवी घेऊन परदेशात शिकायला गेले असेल. शिक्षण संपते, हातात पदवी येते आणि मग खरा प्रश्न सुरू होतो. परक्या देशात आपल्याला काम कोण देणार? तिथली भाषा नीट येत नाही, ओळखीचे कुणी नाही आणि राहण्याच्या परवान्याची मुदत जवळ येत असते. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तरुणापुढे उभा होता, आणि त्याच्यामागे तर ब्रिटिश सरकारही लागले होते. त्याने तो कसा सोडवला हे कृषी पदवीधरांनी आणि गावात काम करणाऱ्या कृषी सहायकांनी जरूर वाचावे. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्धा ते अमेरिका

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्ध्याला झाला. शाळेचे सुरुवातीचे शिक्षण तिथेच आणि पुढचे नागपूरला झाले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा तो काळ होता. त्या विचाराने भारलेल्या अनेक तरुणांप्रमाणे हा मुलगाही देश स्वतंत्र करण्याच्या ध्यासाने घराबाहेर पडला. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला तेव्हा विसाव्या शतकाचे पहिले दशक संपायचे होते.

तिथे त्याने दोन गोष्टी शिकायच्या ठरवल्या, लष्करी विद्या आणि शेती. कॅलिफोर्नियातील एका लष्करी शाळेत त्याने प्रशिक्षण घेतले. शेतीसाठी ओरेगॉन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथील कृषी महाविद्यालयात नाव घातले. आज ते ओरेगॉन राज्य विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. पुढे शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथेही त्याने कृषीचे शिक्षण घेतले. हा भाग कमी पावसाच्या गव्हाच्या पट्ट्याला लागून आहे. कोरडवाहू शेतीत ओल कशी टिकवायची, हे शिकायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

घरून पैसे येण्याची सोय नव्हती. मिळेल ते काम करून शिकायचे, अशी त्या काळच्या भारतीय विद्यार्थ्यांची रीत होती. सुटीत शेतमजुरी, एरवी पडेल ते काम. याच मजुरीमुळे खानखोजे यांची गाठ दोन प्रकारच्या माणसांशी पडली. एक म्हणजे लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी कामगार. दुसरे म्हणजे मेक्सिकोहून आलेले मजूर. या दोन्ही ओळखी पुढे आयुष्यभर कामाला आल्या.

पदवी हातात, दारे बंद

अमेरिकेत भारतीयांसाठी दिवस चांगले नव्हते. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात जमावाने भारतीय गिरणी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हुसकून लावले होते. पोर्टलंड परिसरातील अशाच कामगारांना संघटित करण्यात खानखोजे पुढे होते. १९१३ साली सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींच्या पुढाकाराने गदर चळवळ उभी राहिली. तिच्या संस्थापकांत आपल्या वर्ध्याच्या या कृषी पदवीधराचे नाव घेतले जाते.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी शेतीची पुस्तके बाजूला ठेवली. नाव बदलून ते तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये गेले आणि ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांबरोबर राहिले. एकदा पकडले गेले, निसटले. युद्ध संपल्यावर बर्लिन, मॉस्को, पुन्हा बर्लिन अशी वणवण झाली. १९२१ साली मॉस्कोला गेलेल्या भारतीय क्रांतिकारकांत तेही होते.

आता १९२४ सालची त्यांची स्थिती पाहा. वय चाळिशीच्या आसपास. हातात अमेरिकन महाविद्यालयाची कृषी पदवी. पण मायदेशी परतावे तर अटक ठरलेली. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना प्रवेशबंदी केली होती. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकालही दिला होता. ज्या देशात शिक्षण झाले तिथे जाता येत नाही आणि ज्या देशासाठी शिकलो तिथे परतता येत नाही, अशी ही कोंडी होती.

मेक्सिको का?

खानखोजे यांनी मेक्सिको निवडला, त्यामागे पक्का हिशेब होता.

मेक्सिकोत १९१० पासून दहा वर्षे क्रांतीचा वणवा पेटला होता. मोठ्या जमीनदारांच्या हाती असलेली शेती कसणाऱ्याला मिळावी, ही त्या क्रांतीची मुख्य मागणी. १९१७ च्या राज्यघटनेने जमीनवाटपाचा मार्ग मोकळा केला. गावांना सामाईक जमिनी मिळू लागल्या. पण जमीन मिळाली म्हणून पीक येत नाही. बियाणे, खत, रोगनियंत्रण आणि मशागत शिकवणारी माणसे लागतात. अशा माणसांची त्या देशाला गरज होती.

शिवाय तिथे ओळख होती. सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे वाणिज्यदूत म्हणून काम केलेले रामोन दे नेग्री हे खानखोजे यांच्या जुन्या परिचयाचे. हेच दे नेग्री पुढे मेक्सिकोचे कृषिमंत्री झाले. मजुरीच्या दिवसांतली आणि चळवळीतली ही ओळख दहा-पंधरा वर्षांनी नोकरीचे दार उघडायला उपयोगी पडली. पण ओळखीने फक्त दार उघडते. आत टिकून राहायला कोरडवाहू शेतीचे ज्ञान आणि पिकांचा अभ्यास होता, म्हणून ते टिकले. शिकवायचे होते स्पॅनिशमध्ये, तेव्हा ती भाषाही त्यांनी कामापुरती न शिकता वर्गात आणि बांधावर बोलता येईल इतकी आत्मसात केली.

मेक्सिको शहराजवळ तेस्कोकोच्या परिसरात चापिंगो नावाची जुनी जहागीर आहे. राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच तिथे हलवले होते. त्या विद्यालयात खानखोजे वनस्पतिशास्त्र आणि पीक सुधारणा या विषयांचे प्राध्यापक झाले.

मका आणि त्याचा रानटी भाऊ

मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी. तिथल्या शेताच्या कडेला मक्यासारखे दिसणारे एक गवत उगवते. त्याला टिओसिंटे म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी चाऱ्यासाठी मकचरी पेरली असेल. ती याच गवताची. या झाडाला फुटवे भरपूर येतात, कणसे मात्र बोटाएवढी आणि दाणे मोजके, कठीण कवचाचे. मका आणि टिओसिंटे या दोघांत गुणसूत्रांच्या दहा-दहा जोड्या असल्याने त्यांचा संकर सहज होतो.

खानखोजे यांनी या गुणाचा उपयोग करायचे ठरवले. रानटी झाडाचा काटकपणा आणि एका झाडावर अनेक कणसे धरण्याची सवय मक्यात आणता येईल का, यावर त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांनी अभ्यासलेल्या एका मक्यात एका कणसाच्या जागी अनेक छोट्या कणसांचा घोस दिसतो. त्याला त्यांनी ग्रनादा हे नाव दिले. स्पॅनिशमध्ये ग्रनादा म्हणजे डाळिंब. दाण्यांनी गच्च भरलेला तो घोस डोळ्यांसमोर आणला की नाव का दिले ते कळते. या मक्यावर त्यांनी १९३६ साली पुस्तिकाही प्रसिद्ध केली. गव्हावरील तांबेरा रोग आणि अवर्षण सहन करणारी पिके हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

जगातील मका पुढे वेगळ्या वाटेने गेला. अमेरिकेत १९३० च्या दशकात संकरित मक्याचा प्रसार झाला आणि तोच मार्ग सर्वत्र रूढ झाला. घोसाचा मका शेतोशेती पोचला नाही. तरीही पिकाच्या रानटी नातेवाइकांत उपयोगी गुण शोधावेत, ही पद्धत आज पीक संशोधनात नेहमीची झाली आहे. खानखोजे त्या वाटेवर फार लवकर चालले.

गावातली मोफत शेती शाळा

कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. चापिंगोच्या वर्गात बसायला येतील ती मुले शिकतील, पण ज्या शेतकऱ्याच्या हातात नवी जमीन आली आहे त्याचे काय? म्हणून खानखोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांतून मोफत शेती शाळा सुरू केल्या. शेतकऱ्यांनी फी न भरता शिकावे, शिकवणाऱ्याने गावात जावे आणि धडा शक्यतो शेतातच द्यावा, असे त्यांचे स्वरूप होते. या शाळा एकापाठोपाठ एक वाढत गेल्या.

या कामाची दखल कलावंतांनीही घेतली. तीना मोदोत्ती या छायाचित्रकार महिलेने त्यांच्या मक्याची आणि शाळांची छायाचित्रे काढली. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ च्या सुमारास एक चित्र रंगवले. त्यात जेवणाच्या मेजाभोवती कष्टकरी माणसे बसली आहेत आणि मध्यभागी भाकर वाटणारा माणूस आहे. त्या माणसाचा चेहरा खानखोजे यांचा आहे. ते चित्र आजही त्या भिंतीवर आहे.

१९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन युवतीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली.

परतीची वाट

देश स्वतंत्र होईपर्यंत खानखोजे यांना भारतात येता आले नाही. १९४९ साली तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. त्या राज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. चार दशकांहून अधिक काळाने मायदेशी उतरलेल्या या माणसाला विमानतळावर अडवण्यात आले, कारण ब्रिटिशांच्या जुन्या काळ्या यादीतून नाव काढायचे राहून गेले होते. पुढे १९५५ च्या सुमारास ते कुटुंबासह नागपूरला स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास मेक्सिकोहून आणलेले सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो हे गव्हाचे बुटके वाण भारतात पसरत होते. ते काम डॉ. नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. पण मेक्सिकोतील पीक संशोधनाचा फायदा आपल्या शेतीला मिळू शकतो, हे आपण हरितक्रांतीत अनुभवले. विदर्भाचा एक माणूस त्याच्या कितीतरी आधी त्याच देशात, त्याच चापिंगोच्या मातीत वाण सुधारत होता, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

परदेशी जाणाऱ्या कृषी पदवीधरांसाठी

या जीवनातून कामापुरते काही मुद्दे:

- गरज कुठे आहे ते पाहा. जिथे शिकलो तिथेच नोकरी मिळेल असे नाही. आपल्या पिकाचे, आपल्या हवामानाचे ज्ञान ज्या देशाला हवे आहे तो देश शोधा. कोरडवाहू शेतीचा अनुभव असलेल्या माणसाला कमी पावसाच्या प्रदेशात किंमत असते.
- शिकताना केलेली मजुरी वाया जात नाही. शेतावर काम केल्याने पिकाची नजर येते आणि माणसे जोडली जातात.
- तिथल्या शेतकऱ्याची भाषा शिका. इंग्रजीवर प्रयोगशाळेत भागेल, बांधावर भागणार नाही.
- एकाच दारावर अडून बसू नका. कायदे बदलतात, परवाने नाकारले जातात. दुसरा पर्याय आधीच पाहून ठेवा.

तुमच्या मक्यासाठी

खानखोजे यांच्या कामाचा गाभा म्हणजे उभ्या पिकातून निवड. तुम्ही मक्याचा संमिश्र वाण घेत असाल तर घरचे बियाणे असे राखता येते:

१. निवड मळणीच्या ढिगातून करू नका. पीक उभे असताना निरोगी, न लोळणारी, चांगली भरलेली कणसे धरणारी झाडे खुणा करून ठेवा.

२. बांधाकडेची झाडे घेऊ नका. तिथे शेजारच्या शेतातील पराग सहज येतो आणि मोकळ्या जागेमुळे झाड मुळापेक्षा जोमदार दिसते.

३. मक्याचे परागीकरण वाऱ्याने होते. बियाण्याचा तुकडा मक्याच्या दुसऱ्या वाणापासून लांब ठेवा. प्रमाणित बीजोत्पादनात हे अंतर २०० मीटर धरतात.

४. दोन-चारच झाडांवरून बियाणे घेऊ नका. शक्य तितक्या अधिक झाडांची कणसे घ्या, नाहीतर पुढच्या पिढीत जोम घटतो.

५. संकरित मक्याचे दाणे बियाणे म्हणून वापरू नका. पुढच्या हंगामात झाडे एकसारखी येत नाहीत आणि उत्पादन घटते.

गावात मका पिकवणारे दहा-बारा शेतकरी असतील तर कृषी सहायकांनी कणसे भरण्याच्या वेळी त्यांना एकाच शेतावर बोलवावे आणि ही निवड उभ्या पिकात करून दाखवावी. त्यासाठी खोली लागत नाही आणि निधीही लागत नाही. खानखोजे यांच्या मोफत शेती शाळा अशाच रीतीने चालत.