गिअर बदलायची सोयच नव्हती, तरी मातीच्या ट्रॅकवर सगळ्यांना मागं टाकणारा बार्नी ओल्डफिल्ड

उसाच्या सीझनमध्ये बीडजवळ मांजरसुंब्याच्या घाटात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहिलाय का? खालचा गिअर, इंजिनचा नुसता आवाज आणि वेग बैलगाडीचा. तोच ट्रॅक्टर रिकामा परतताना मात्र वरच्या गिअरवर सुसाट पळतो.

आता समजा, मध्ये गिअर बदलायचाच नाही. शर्यतीआधी एक गिअर ठरवायचा आणि त्यावरच शेवटपर्यंत गाडी पळवायची. मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या मोटार शर्यतीत हेच खरं कोडं असतं. आणि या ट्रॅकनं घडवलेला सुरुवातीचा सुपरस्टार म्हणजे बार्नी ओल्डफिल्ड.

जन्म 1878 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. पोरगा 1894 पासून सायकलच्या शर्यतीत उतरला. ज्यानं सायकल पळवली त्याला गिअरचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. मागचं चक्र लहान असेल तर सुरुवातीला पाय भरून येतात, पण एकदा वेग धरला की सायकल लांब पळते. चक्र मोठं असेल तर उचल चांगली, पण पुढं दम संपतो.

मोटारीच्या मागच्या एक्सलमध्येही तेच. लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं. पिनियनला 10 दात आणि क्राऊनला 40 असतील तर रेशो झाला 4. हा आकडा वाढवला तर वळणातून गाडी झटकन उठते, पण सरळ पट्ट्यात इंजिन लवकर शेवटाला पोहोचतं. आकडा कमी केला तर सरळ पट्ट्यात फायदा, वळणावर घाटा.

1902 साली हेन्री फोर्डनं सायकल चॅम्पियन टॉम कूपरच्या पैशावर एक राक्षस बनवला. नाव '999'. इंजिन 18.9 लिटरचं, म्हणजे आजच्या छोट्या कारच्या जवळपास 19 पट. गिअरबॉक्स नाही, डिफरन्शियल नाही. स्टिअरिंग म्हणून सायकलच्या हँडलसारखा दांडा. ही गाडी शर्यतीत चालवायला कूपरनं आपला दोस्त बार्नीला बोलावलं. तेव्हा त्याला मोटारीचा जेमतेम काही दिवसांचा सराव होता.

25 ऑक्टोबर 1902. डेट्रॉइटजवळचा ग्रोस पॉइंटचा मातीचा ट्रॅक. समोर त्या काळचा नावाजलेला कारखानदार अलेक्झांडर विंटन.

एकाच गिअरच्या गाडीत वेग पडला की इंजिनची ताकदही पडते आणि पुन्हा उचलायला खालचा गिअर नसतो. बार्नीनं वळणावर वेग पडूच दिला नाही. गाडी मातीवर आडवी घसरवत तो वळणं काढत गेला. 5 मैल 5 मिनिटं 28 सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे 88 किलोमीटर. विंटन हरला, फोर्डचं नाव झालं आणि पुढच्याच वर्षी फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली.

20 जून 1903 ला इंडियानापोलिसच्या मातीच्या ट्रॅकवर बार्नीनं एक मैल 59.6 सेकंदांत कापला. गोल ट्रॅकवर मिनिटाच्या आत मैल मारणारा तो पहिला. 1910 मध्ये डेटोनाच्या वाळूवर त्यानं ब्लिट्झन बेंझ ताशी 211 किलोमीटरच्या पुढं नेली.

पण या वेगाची किंमत होती. 1904 मध्ये सेंट लुईसला त्याच्या गाडीखाली दोन प्रेक्षक गेले. 1910 मध्ये त्यानं कृष्णवर्णीय बॉक्सिंग चॅम्पियन जॅक जॉन्सनशी शर्यत लावली, म्हणून मोटार संघटनेनं त्याला निलंबित केलं. तेव्हा बार्नी गावोगावच्या जत्रांमध्ये घोड्यांच्या मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवून गर्दी खेचत राहिला. 1918 मध्ये तो थांबला आणि 1946 मध्ये गेला.

आज अशा शर्यतींच्या अनेक गाड्यांत मागं 'क्विक चेंज' एक्सल असतो. झाकण काढायचं, दोन गिअर बदलायचे, काही मिनिटांत रेशो नवा. माती ओलसर आणि पकड देणारी असेल तर मोठा आकडा चालतो. ऊन आणि टायरनं ती गुळगुळीत झाली की चाकं जागेवर फिरू नयेत म्हणून आकडा बऱ्याचदा कमी करतात. म्हणून मेकॅनिक आधी ट्रॅकवर जाऊन माती बघतो आणि मगच पाना हातात घेतो.

बार्नीला ही सोय नव्हती. गिअर बदलता येत नव्हता, म्हणून त्यानं वळण घ्यायची पद्धतच बदलली.