डेव्ही ओब्रायन : ऐन भरात मैदान सोडणारा क्वार्टरबॅक

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये दर हंगामाच्या अखेरीस देशातील सर्वोत्कृष्ट क्वार्टरबॅकची निवड होते आणि टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ शहरात त्याला डेव्ही ओब्रायन यांच्या नावाचा पुरस्कार प्रदान केला जातो. हा पुरस्कार मिळवणारे बहुतेक खेळाडू सहा फुटांहून उंच असतात आणि पुढे व्यावसायिक संघांकडून वर्षानुवर्षे खेळतात. ज्यांच्या नावाने तो दिला जातो, त्या ओब्रायन यांची उंची मात्र पाच फूट सात इंच आणि वजन जेमतेम ६८ किलो होते. व्यावसायिक फुटबॉल ते दोनच हंगाम खेळले. वयाच्या २३व्या वर्षी, एका सामन्यात ६० पास फेकून त्यांनी खेळाला रामराम ठोकला आणि केंद्रीय तपास संस्थेत, म्हणजे एफबीआयमध्ये नोकरी धरली.

रॉबर्ट डेव्हिड ओब्रायन यांचा जन्म २२ जून १९१७ रोजी टेक्सासमधील डॅलस येथे झाला. तेथील वूड्रो विल्सन हायस्कूलच्या संघातून त्यांचा खेळ प्रथम लोकांच्या नजरेत भरला. १९३५ मध्ये त्यांनी शेजारच्या फोर्ट वर्थ शहरातील टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात प्रवेश घेतला. त्या काळच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. दुसऱ्या वर्षी ते संघात आले खरे, पण त्यांच्या जागेवर सॅमी बॉ हा खेळाडू ठाण मांडून होता. पासच्या खेळातील सर्वकालीन श्रेष्ठांमध्ये ज्याचे नाव घेतले जाते, तोच हा बॉ. उंच, सडपातळ, लांब हाताच्या बॉच्या मागे उभा असलेला हा ठेंगणा पर्यायी खेळाडू उद्या त्याची जागा घेईल, असे तेव्हा कोणाच्या मनात आले असणे कठीण आहे. १९३७ च्या पहिल्या दिवशी संघाने पहिलाच कॉटन बोल सामना मार्केट विद्यापीठाविरुद्ध जिंकला. त्यानंतर बॉ व्यावसायिक फुटबॉलकडे वळला आणि संघाची सूत्रे ओब्रायन यांच्या हाती आली.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलपेक्षा पूर्णपणे वेगळा खेळ आहे. त्यात चेंडू प्रामुख्याने हाताने खेळला जातो. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू घेऊन धावणे हा पुढे सरकण्याचा एक मार्ग आणि तो हवेतून पुढच्या सहकाऱ्याकडे फेकणे हा दुसरा. कोणता मार्ग घ्यायचा हे मैदानावर ठरवणारा आणि पास फेकणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक, अशी आजची सर्वसाधारण समजूत आहे. १९३० च्या दशकात ती तशी नव्हती. बहुतेक प्रशिक्षकांचा भर धावण्यावर आणि अंगाला अंग भिडवण्यावर असे. चेंडू हवेत सोडणे म्हणजे तो प्रतिस्पर्ध्याला बहाल करण्याचा धोका पत्करणे, असे मानले जाई. आक्रमणासाठी वेगळे आणि बचावासाठी वेगळे खेळाडू ही पद्धतही तेव्हा नव्हती. पास फेकणाऱ्यालाच पुढच्या क्षणी बचावात उभे राहून समोरच्या धिप्पाड गड्याला जमिनीवर पाडावे लागे.

अशा खेळात ६८ किलोच्या तरुणाचा निभाव लागला, याचे बरेचसे श्रेय प्रशिक्षक डच मायर यांना द्यावे लागेल. मायर यांनी खेळाडूंना मैदानाच्या रुंदीभर पसरवून उभे करण्याची आणि आखूड, नेमक्या पासच्या मालिकेने पुढे सरकण्याची पद्धत बसवली होती. ताकदीपेक्षा वेळ साधण्याला तिच्यात अधिक किंमत होती. समोरचा गडी अंगावर येण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे आणि तो सहकारी जेथे पोहोचणार आहे तेथे पडला पाहिजे, हे तिचे मर्म. हे गणित ओब्रायन यांना अचूक उमगले होते. शिवाय संघासाठी किक मारणे, धावणे आणि बचावात शेवटची फळी सांभाळणे हीदेखील त्यांचीच कामे होती. सूत्रे हाती आल्यानंतरचा १९३७ चा हंगाम मात्र साधारणच गेला. चार विजय, चार पराभव आणि दोन बरोबरी एवढीच संघाची कमाई होती.

१९३८ चे वर्ष वेगळे उजाडले. मधल्या फळीत की ऑल्ड्रिच आणि त्यांच्या शेजारी आय. बी. हेल असे दोन भक्कम खेळाडू होते. ओब्रायन यांच्याभोवतीची भिंत म्हणजे हेच दोघे. पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांनी नवोदितांची निवड केली, तेव्हा अगदी पहिले नाव ऑल्ड्रिच यांचे पुकारले गेले, चौथे ओब्रायन यांचे आणि आठवे हेल यांचे. एकाच विद्यापीठाच्या संघातील तीन खेळाडू पहिल्या आठांत, यावरून त्या संघाचे वजन लक्षात यावे. टेक्सास ख्रिश्चनने नियमित हंगामातील दहाही सामने जिंकले. ओब्रायन यांनी त्यात १,४५७ यार्डांचे पास दिले आणि १९ टचडाऊन घडवले. प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले त्यांचे पास होते अवघे चार. पास म्हणजे जुगार, असे मानणाऱ्यांना या शेवटच्या आकड्याने परस्पर उत्तर दिले.

असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत संघ अव्वल ठरला. २ जानेवारी १९३९ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झालेल्या शुगर बोल सामन्यात त्याची गाठ कार्नेगी टेक संघाशी पडली. मध्यंतराला टेक्सास ख्रिश्चन ६-७ असा एका गुणाने मागे होता. उत्तरार्धात ओब्रायन यांनी पासवर एक टचडाऊन घडवला, फील्ड गोलसाठी किकही मारली आणि सामना १५-७ असा खिशात घातला. अकरापैकी अकरा सामने जिंकून हंगाम संपला.

महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन करंडक त्या वर्षी ओब्रायन यांना मिळाला. मॅक्सवेल पुरस्कारही त्यांचाच झाला. हे दोन्ही सन्मान त्यांना एकाच वर्षी मिळाले. हाइझमन करंडक तेव्हा तीनच वर्षांचा होता. पहिला मानकरी शिकागो विद्यापीठाचा होता आणि नंतरचे दोघे येल विद्यापीठाचे. देशाच्या नैऋत्येकडील फुटबॉलला पूर्वेकडील शहरांत तोवर फारशी प्रतिष्ठा नव्हती. त्यामुळे फोर्ट वर्थकरांच्या दृष्टीने हा एका खेळाडूचा नव्हे, तर साऱ्या मुलखाचा मान होता. वृत्तपत्राचे मालक आणि शहराचे अघोषित कारभारी असलेले एमन कार्टर हे मंडळींसह न्यूयॉर्कला पोहोचले. ओब्रायन यांना जुन्या काळातील घोड्यांच्या प्रवासी गाडीत बसवून त्या गगनचुंबी शहरातून त्यांची मिरवणूक काढण्यात आली. टेक्सासला शोभेल असाच हा थाट होता. मिरवणुकीतील तरुण अवघा २१ वर्षांचा होता.

त्यानंतरचे वळण लक्षात घेताना त्या वेळच्या व्यावसायिक फुटबॉलचे स्वरूप ध्यानात ठेवावे लागते. आज या खेळात कोट्यवधी डॉलरची उलाढाल होते. तेव्हा महाविद्यालयीन सामन्यांना गर्दी लोटत असे आणि व्यावसायिक संघांना प्रेक्षक शोधावे लागत. खेळून पोट भरेल, याची खात्री नसे. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक आणि प्रशिक्षक बर्ट बेल यांनी ओब्रायन यांना १२ हजार डॉलर आणि तिकीट विक्रीतील वाटा देऊ केला. एका नवख्या खेळाडूसाठी ही रक्कम त्या काळी डोळे दिपवणारी होती. बेल यांनाही मैदानावर गर्दी खेचणारे नाव हवे होते. संघ अगदीच दुबळा होता.

१९३९ च्या पहिल्याच हंगामात ओब्रायन यांनी १,३२४ यार्डांचे पास देऊन लीगमधील नवा विक्रम नोंदवला. मोडलेला विक्रम ज्याच्या नावावर होता, तो त्यांचा जुना सहकारी सॅमी बॉ. ईगल्सने मात्र अकरापैकी एकच सामना जिंकला आणि एक बरोबरीत सोडवला. त्याच हंगामात, २२ ऑक्टोबर १९३९ रोजी, ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावरील सामन्याचे एनबीसीने प्रायोगिक दूरचित्रवाणी प्रक्षेपण केले. व्यावसायिक फुटबॉलचा दूरचित्रवाणीवर दिसलेला हा पहिला सामना. यजमान ब्रुकलिन डॉजर्सने तो २३-१४ असा जिंकला. पुढे ज्या माध्यमाने या खेळाला अफाट श्रीमंती मिळवून दिली, त्याच्या पडद्यावर दिसलेल्या पहिल्या क्वार्टरबॅकपैकी ओब्रायन एक होते. त्या श्रीमंतीचा त्यांना स्वतःला काही उपयोग झाला नाही.

१९४० चा हंगाम आणखी वाईट गेला. अकरा सामन्यांत पुन्हा एकच विजय मिळाला आणि या खेपेस बरोबरीही नाही. दुबळ्या संघाचा क्वार्टरबॅक होणे म्हणजे दर रविवारी मार खाणे. अंगकाठी लहान असेल तर तो मार अधिकच लागतो. १ डिसेंबर १९४० रोजी वॉशिंग्टन येथे झालेला सामना ओब्रायन यांचा अखेरचा ठरला. समोरच्या संघात सॅमी बॉ होता. ओब्रायन यांनी त्या दिवशी ६० पास फेकले. त्यांपैकी ३३ अचूक पडले आणि त्यांतून ३१६ यार्ड मिळाले. इतके पास एका सामन्यात फेकण्याचा त्यांचा विक्रम पुढे दोन दशकांहून अधिक काळ टिकला. सामना संपायला काही सेकंद उरले असताना त्यांना बाहेर बोलावण्यात आले, तेव्हा परक्या मैदानावरील प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. ईगल्सचा संघ ६-१३ असा पराभूत झाला होता.

यानंतर त्यांनी एफबीआयची वाट धरली. या निर्णयाला काही लेखकांनी त्यागाचा मुलामा दिला आहे. तो बहुधा अनावश्यक आहे. त्यांचे महाविद्यालयीन सहकारी हेल यांनी तर व्यावसायिक फुटबॉल नाकारून थेट एफबीआयची नोकरी पत्करली होती. युरोपात युद्ध पेटले होते, अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला होता आणि जे. एडगर हूव्हर यांच्या संस्थेचा देशभर दबदबा होता. पराभवांची मालिका, शरीराला बसणारे तडाखे आणि खेळानंतरच्या आयुष्याची अनिश्चिती एका बाजूला आणि स्थिर, प्रतिष्ठेची नोकरी दुसऱ्या बाजूला, अशी ही निवड होती. २३ वर्षांच्या तरुणाने ती विचारपूर्वक केली असावी, असेच पुढील दशकावरून दिसते. त्यांनी पुन्हा मैदानाकडे वळून पाहिले नाही.

एफबीआयमध्ये त्यांनी दहा वर्षे काढली. नेमबाजीत ते तरबेज झाले आणि व्हर्जिनियातील क्वांटिको येथे नव्या अधिकाऱ्यांना शस्त्रे हाताळण्याचे धडे देऊ लागले. डॅलस कार्यालयातही त्यांनी काम केले. १९५० मध्ये राजीनामा देऊन ते टेक्सासमधील तेलसम्राट एच. एल. हंट यांच्याकडे जमीन विकासाच्या कामात रुजू झाले आणि नंतर तेल उद्योगात शिरले. खेळाशी नाते उरले, ते कडेकडेने. फोर्ट वर्थमधील मुलांच्या मुष्टियुद्ध स्पर्धा, वायएमसीएचे उपक्रम, पंचांवर देखरेख आणि १९६० च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाच्या सामन्यांचे दूरचित्रवाणी समालोचन अशी कामे ते करीत राहिले. १९५५ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

१९७१ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेत उजवे मूत्रपिंड आणि मोठ्या आतड्याचा काही भाग काढावा लागला. काही वर्षे बरी गेली आणि आजार परतला. १७ नोव्हेंबर १९७७ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी त्यांच्या नावाचा करंडक सुरू झाला. तो सुरुवातीला क्वार्टरबॅकपुरता नव्हता. नैऋत्येकडील सर्वोत्कृष्ट खेळाडूला तो दिला जाई आणि पहिल्या चार वर्षांतील एकही मानकरी क्वार्टरबॅक नव्हता. अर्ल कॅम्पबेल आणि बिली सिम्स हे चेंडू घेऊन धावणारे, तर सलग दोनदा तो जिंकणारा माइक सिंगलटरी हा बचावपटू. १९८१ मध्ये पुरस्काराला राष्ट्रीय स्वरूप देऊन तो क्वार्टरबॅकसाठी राखून ठेवण्यात आला आणि ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा जिम मॅकमहन त्याचा पहिला मानकरी ठरला. पुढे स्टीव्ह यंग, पेटन मॅनिंग अशी नावे यादीत आली. ओब्रायन यांच्या काळात ज्या जागेला आजच्यासारखे महत्त्वही नव्हते, तिचा सर्वोच्च सन्मान त्यांच्या नावाने दिला जाऊ लागला, हे काहीसे गमतीचेच म्हणायचे. त्यांच्या शाळेच्या वाट्यालाही आणखी एक मान आला. १९८७ मध्ये टिम ब्राउन यांनी हाइझमन करंडक जिंकला आणि दोन हाइझमन विजेते देणारी वूड्रो विल्सन ही पहिली शाळा ठरली.

टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला मात्र आपल्याच खेळाडूच्या नावाचा हा पुरस्कार मिळवण्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागले. २०२२ च्या हंगामात मॅक्स डगन याने तो प्रथमच विद्यापीठाकडे आणला. त्या वर्षी संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. ९ जानेवारी २०२३ रोजी झालेल्या त्या सामन्यात जॉर्जिया विद्यापीठाने त्याचा ६५-७ असा धुव्वा उडवला आणि ओब्रायन यांच्या संघाने १९३८ मध्ये मिळवलेले विजेतेपद हेच विद्यापीठाचे अखेरचे राष्ट्रीय विजेतेपद राहिले.