उन्हाला कामाला लावणारे रसायनशास्त्रज्ञ

भिवंडी : सायझिंगच्या बॉयलरचा धूर आणि कामवारी नदीत मिसळणारे रंगीत सांडपाणी ही भिवंडीकरांच्या परिचयाची दृश्ये आहेत. मात्र, धुराऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या रासायनिक उद्योगाचे स्वप्न एका इटालियन शास्त्रज्ञाने शतकापूर्वीच जगासमोर मांडले होते. त्यांचे नाव जाकोमो चामिचान. खाणींतील विषारी पाणी उन्हाच्या साह्याने शुद्ध करण्याच्या आजच्या प्रयत्नांची मुळे त्यांनी पाया घातलेल्या प्रकाशरसायनशास्त्रात आहेत.

चामिचान यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५७ रोजी त्रिएस्त येथे आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. व्हिएन्नात शिक्षण घेऊन १८८० मध्ये त्यांनी जर्मनीतील गीसेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. रोममध्ये नामवंत रसायनशास्त्रज्ञ कानिझारो यांच्या हाताखाली काम केल्यावर ते पाडुआ येथे प्राध्यापक झाले आणि १८८९ मध्ये बोलोन्या विद्यापीठात गेले. तेथेच त्यांनी अखेरपर्यंत अध्यापन केले.

सहकारी पॉल सिल्बर यांच्यासह ते रसायने भरलेली काचेची पात्रे महिनोन्‌महिने उन्हात ठेवीत आणि त्यांत होणाऱ्या बदलांची नोंद करीत. भट्टीच्या उष्णतेविना केवळ प्रकाशाने रासायनिक क्रिया घडतात, हे या चिकाटीतून त्यांनी वारंवार दाखवून दिले. १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी कोळशाचे साठे मर्यादित असल्याचा इशारा दिला आणि उद्योगांनी सूर्याकडे वळावे, असे आवाहन केले. दोनच वर्षांत महायुद्ध पेटले. पुढे खनिज तेलाचे युग आले आणि हा विचार मागे पडला. नोबेलसाठी अनेकदा नाव सुचवले जाऊनही तो सन्मान त्यांना लाभला नाही. २ जानेवारी १९२२ रोजी बोलोन्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचाराचे महत्त्व पटण्यास अर्धशतक जावे लागले. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन साधल्याचे प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये अमेरिकेतील फ्रँक आणि बार्ड यांनी याच पदार्थाची भुकटी व प्रकाश वापरून पाण्यातील सायनाइडचे विघटन करून दाखवले. खनिजातून सोने वेगळे करण्यासाठी सायनाइड वापरले जात असल्याने खाण उद्योगाच्या दृष्टीने हा शोध मोलाचा ठरला.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नाही. उन्हातील अतिनील किरणांचा अल्प भागच या पदार्थाला उपयोगी पडतो. शिवाय पाण्यात विरघळलेले धातू नष्ट होत नाहीत. ते वेगळे काढावेच लागतात.

कापडाच्या रंगांचे विघटनही याच तत्त्वाने होते, हे प्रयोगशाळांत सिद्ध झाले आहे. बोलोन्यापेक्षा भिवंडीत ऊन कितीतरी प्रखर आहे. पावसाळ्याचे महिने वगळता ते येथे विनामूल्य मिळते. ते कामाला लावण्याची चामिचान यांची चिकाटी आपल्या उद्योगांत कधी येणार, हाच खरा प्रश्न आहे.