हिरव्या बेडकामागचा हात

दलदलीच्या मधोमध एका ओंडक्यावर बसून हिरवा बेडूक बँजो वाजवीत गात आहे. चहूबाजूंनी पाणी. त्याला हलविणारा माणूस लपेल अशी जागाच कुठे दिसत नाही. १९७९ साली प्रदर्शित झालेल्या 'द मपेट मूव्ही' या चित्रपटाच्या सुरुवातीचे हे दृश्य पाहून जाणकार प्रेक्षकही कोड्यात पडले होते. प्रत्यक्षात त्या बेडकाच्या खाली, पाण्यात बुडविलेल्या धातूच्या टाकीत, सहा फुटांहून उंच असा एक दाढीधारी माणूस अंगाची घडी करून बसला होता. नळीतून येणाऱ्या हवेवर त्याचा श्वास चालला होता. समोर चिमुकला टीव्हीचा पडदा होता आणि रबरी बाहीतून वर काढलेला त्याचा एक हात बेडकाच्या डोक्यात होता. तो बेडूक म्हणजे कर्मिट आणि त्या टाकीतला माणूस म्हणजे जिम हेन्सन.

विसाव्या शतकात बाहुलीनाट्याला जत्रेच्या तंबूतून आणि बालरंगभूमीवरून उचलून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत हेन्सन यांचे नाव अग्रभागी येते. मात्र बाहुल्यांची आवड त्यांना उपजत होती असे म्हणता येत नाही. त्यांना वेड होते ते दूरचित्रवाणीचे.

२४ सप्टेंबर १९३६ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ग्रीनव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी कृषी खात्यात शास्त्रज्ञ होते. त्यांच्या नोकरीमुळे पुढे हे कुटुंब वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये राहावयास आले. आईची आई चित्रकला व शिवणकामात निपुण होती आणि नातवाच्या हाताला कापड, सुई व रंग यांचे वळण तिनेच लावले. १९५० च्या सुमारास जिमने हट्ट करून घरात टीव्ही आणविला. आपल्याला याच पेटीत काम करावयाचे आहे, हे त्याच्या मनाने तेव्हाच घेतले. १९५४ मध्ये स्थानिक वाहिनीला बाहुल्या खेळविणारा मुलगा हवा होता. जिमने ग्रंथालयातून पुस्तके आणून विद्या शिकून घेतली, बाहुल्या शिवल्या आणि ते काम मिळविले. बाहुली ही त्याच्यासाठी स्टुडिओत शिरण्याची वाट होती. ती आयुष्यभराची वाट ठरेल, याची कल्पना त्यालाही नव्हती.

महाविद्यालयात असतानाच १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसी वाहिनीवर त्यांचा 'सॅम अँड फ्रेंड्स' हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी त्यांनी आईचा टाकून दिलेला हिरवट कोट कापला, टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे भाग डोळे म्हणून बसविले आणि एक प्राणी तयार केला. तोच कर्मिट. तेव्हा तो बेडूक नव्हता, पालीच्या जातीचे काहीतरी होते. त्याचे बेडूकपण पुढे हळूहळू आले. हेन्सन यांनी मेरीलँड विद्यापीठातून १९६० मध्ये पदवी घेतली ती गृहविज्ञान विषयात, कारण कापडकाम आणि हस्तकलेचे वर्ग त्या विभागात होते. बाहुलीकलेच्या वर्गातच त्यांना जेन नेबेल भेटल्या. आधी सहकारी असलेल्या जेन १९५९ मध्ये त्यांच्या पत्नी झाल्या.

हेन्सन यांनी नेमके नवे काय केले, हे समजण्यासाठी जुनी पद्धत पाहावी लागते. कळसूत्री बाहुली दोऱ्यांवर नाचते. तिचा चेहरा लाकडाचा असतो आणि भाव एकच. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या असोत वा युरोपातील बाहुल्या, तिथे हालचाल सारे काही बोलते. यशवंत पाध्ये यांनी घडविलेल्या अर्धवटरावासारखा बोलका बाहुला तोंड उघडतो, परंतु त्याचा सूत्रधार शेजारीच बसलेला असतो. हेन्सन यांनी लाकूड बाजूला ठेवले. मऊ फोम आणि कापड वापरल्यामुळे आत घातलेल्या पंजाची बोटे किंचित वळली तरी बाहुलीचा चेहरा बदलू लागला. नजर, ओठांची घडी, क्षणभराची अवघड शांतता असे सारे त्या चेहऱ्यावर दिसू लागले.

दुसरा बदल याहून मोठा होता. तोपर्यंत टीव्हीवरदेखील बाहुल्यांसाठी छोटा रंगमंच उभारून कॅमेरा त्यापुढे ठेवीत. हेन्सन यांनी तो रंगमंचच काढून टाकला. टीव्हीची चौकट हाच त्यांचा रंगमंच झाला. कलावंत चौकटीच्या खाली उभा राहून हात डोक्यावर धरी आणि समोरच्या पडद्यावर आपलेच काम पाहत ते सुधारीत जाई. एका हाताने डोके व तोंड, तर दुसऱ्या हाताने काडीला जोडलेला बाहुलीचा हात. तासन्‌तास हात वर धरून केलेली ही कसरत प्रेक्षकांना कधीच दिसली नाही.

या बाहुल्यांना त्यांनी 'मपेट' असे नाव दिले. सुरुवातीची त्यांची कमाई जाहिरातींतून झाली. कॉफीच्या अवघ्या १० सेकंदांच्या जाहिरातींनी त्यांना विनोदाची काटकसर शिकविली. १९५८ च्या युरोप दौऱ्यात मात्र त्यांना वेगळेच दर्शन घडले. तिथे बाहुलीनाट्य ही प्रौढांची, गंभीर कला मानली जात होती. पोटापाण्यासाठी धरलेल्या या कामाकडे हेन्सन त्यानंतर कलावंताच्या नजरेने पाहू लागले.

पुढे १९६३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क गाठले. त्याच सुमारास फ्रँक ऑझ हा तरुण त्यांना येऊन मिळाला आणि बाहुलीनाट्यातील एक अजोड जोडी जमली. १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाली. लहान मुलांना, विशेषतः गरीब वस्त्यांतील मुलांना, अक्षरे व अंक शिकविणारा हा कार्यक्रम. त्यात जाताना हेन्सन साशंक होते. आपल्यावर बालकार्यक्रमांचा शिक्का बसेल, ही त्यांची भीती होती. ती खरीही ठरली. जगभर कीर्ती झाली, परंतु मोठ्यांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम काढावयाचा म्हटल्यावर अमेरिकेतील बड्या वाहिन्यांनी नकार दिला. अखेर ब्रिटनमधील निर्माते ल्यू ग्रेड यांनी हात पुढे केला. १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमध्ये चित्रित झालेल्या 'द मपेट शो'चे १२० भाग शंभराहून अधिक देशांत पाहिले गेले.

याच यशाच्या शिखरावर हेन्सन यांनी जोखीम पत्करली. १९८२ मधील 'द डार्क क्रिस्टल' या चित्रपटात एकही मानवी पात्र पडद्यावर नव्हते. कित्येक कलावंत अवजड पोशाखांत शिरले, काही उंच काठ्यांवर चालले. १९८६ च्या 'लॅबिरिंथ'मध्ये हॉगल या पात्राच्या पोशाखात एक अभिनेत्री होती. त्याच्या चेहऱ्यात मात्र अनेक छोट्या मोटारी होत्या आणि त्या दूरनियंत्रकाने चालविणाऱ्या चमूत हेन्सन यांचा मुलगा ब्रायनही होता. शरीर एकाचे आणि चेहरा दुसऱ्यांचा, असा तो प्रयोग होता. अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाला अमेरिकेत त्याच्या निम्मीच कमाई झाली. हेन्सन यांना या अपयशाचा जबर धक्का बसला. त्याच वर्षी ते व जेन कायदेशीररीत्या विभक्त झाले.

तरीही प्रयोग थांबले नाहीत. १९८९ च्या 'द जिम हेन्सन अवर'मध्ये वाल्डो हे संगणकावर रेखाटलेले पात्र अवतरले. कलावंत हातमोज्यासारख्या यंत्रात पंजा घालून तोंडाची उघडझाप करी आणि पडद्यावरील साधी रेखाकृती त्याच क्षणी तसेच करी. रंग आणि पोत नंतर चढविले जात. संगणकातील चित्र एका-एका चौकटीने रेखाटण्याऐवजी ते बाहुलीसारखे खेळविता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. मार्च १९९० मध्ये आलेल्या निन्जा कासवांच्या चित्रपटासाठी त्यांच्याच कार्यशाळेने कासवांचे पोशाख बनविले. त्यांतही अंग अभिनेत्याचे आणि चेहरा दूरनियंत्रकाचा होता.

त्यानंतर दोनच महिन्यांनी हे सारे अकस्मात संपले. मेच्या सुरुवातीला घसा दुखतो, थकवा वाटतो, एवढीच त्यांची तक्रार होती. इतरांना त्रास देणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि ते काम करीत राहिले. १५ मेच्या पहाटे प्रकृती ढासळल्यावर त्यांना न्यूयॉर्कमधील रुग्णालयात नेण्यात आले. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंच्या संसर्गाने तोवर शरीराचा ताबा घेतला होता. प्रतिजैविके देऊनही उपयोग झाला नाही आणि १६ मे १९९० रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मपेट्स डिस्ने कंपनीला विकण्याचा करार तेव्हा पूर्णत्वाच्या वाटेवर होता. त्यांच्यामागे तो फिसकटला. पुढे २००४ मध्ये ही पात्रे अखेर डिस्नेकडेच गेली. स्मृतिसभेला कुणी काळे कपडे घालून येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. लोकांनी ती पाळली.

हेन्सन यांच्या कार्यशाळेने विकसित केलेल्या नियंत्रण यंत्रणेला १९९२ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये आलेल्या 'सिड द सायन्स किड' या मालिकेत तर बाहुली उरलीच नाही. एक कलावंत हालचाली टिपणारा पोशाख अंगावर चढवून चालत-बोलत असे, दुसरा हाताने चेहरा चालवीत असे आणि संगणक त्या दोघांचे मिळून एक पात्र उभे करी. साधने बदलली. पात्राच्या चेहऱ्यावरील भाव मात्र अजूनही कुणाच्या तरी पंजातूनच येत होते.

भारतात २००६ मध्ये 'सेसमी स्ट्रीट'चा देशी अवतार 'गली गली सिम सिम' सुरू झाला. त्यातील शाळेच्या गणवेशातली चमकी आपल्याकडील मुलांनाही आपलीशी वाटली. आईच्या कोटातून जन्मलेला तो पहिला कर्मिट जेन यांनी २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला. जुन्या कापडाची ती एक पोकळ पिशवी आहे आणि तिच्यावर अर्ध्या चेंडूंचे दोन डोळे आहेत. आतला हात निघून गेला आहे. तरीही त्या डोळ्यांपुढे उभे राहिल्यावर, हा आता काहीतरी बोलेल, असे क्षणभर वाटल्यावाचून राहत नाही.