साने गुरुजी आणि विठोबाचे दार

गुरुजींचा जन्म १८९९ साली कोकणात पालगडला झाला, पण ते आम्हां खानदेशकरांचेच. १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातले पोर आजारी पडले की त्याच्या उशाशी बसायचे, आईसारखी सेवा करायचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच लिहून घेतली. पण ऐकलेले ज्ञान त्यांनी नुसते कागदावर ठेवले नाही.

पंढरीत चोखोबांची समाधी महाद्वारी, आणि त्यांची लेकरेही बाहेरच! आम्ही मात्र देवाच्या पायांवर डोके ठेवून समाधान मानीत होतो. गुरुजींना ते सोसवेना. १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणास बसले. मंदिर हरिजनांना खुले करण्याचे ठरले, तेव्हाच त्यांनी अन्न घेतले. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. दार उघडे राहिले.

माउली हो, दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवून जे मिळते ते सुख, शांती नव्हे. मनात कुठेतरी टोचत राहतेच. यंदा वारीच्या पंगतीत शेजारी कोण बसला ते विचारू नका. त्याच्या पानात आधी वाढा, मग आपला घास घ्या. मन कसे निवते ते पाहा.

राम कृष्ण हरि!